अखाजी कुणाची?

यंदा अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले. वाचायला वाक्य एवढंसं आहे, पण ते जमवायला फाल्गुनापासून फोनाफोनी चालली होती.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघतो, ‘हा’. भूक लागली तरी हा, पाठ दुखली तरी हा. कुठला ‘हा’ कशाचा हे मला कळतं, आणि त्यामुळेच माझी सुटका नाही. दुसरं कुणी जवळ बसलं की पाचव्या मिनिटाला हाक येते, “वहिनी, आई काय म्हणताय बघा ना.”

भुसावळचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. कूलर खोली गार करतो, पण त्याच्या ओलसर हवेने चादर कायम दमट राहते. झोपून असलेल्या माणसाची कातडी अशा दिवसांत फार लवकर जाते. दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, पाठ, उजवी, रात्रीसुद्धा. एअर बेड आहे, पण लाइट गेली की पंप बंद पडतो, हवा उतरत जाते आणि माकडहाड खालच्या पलंगाला टेकतं. त्यामुळे पंख्याचा आवाज थांबला की मी झोपेतच उठून बसते. घरातले बाकीचे उकडायला लागल्यावर जागे होतात.

भेटायला येणारे खूप, आणि माया खरी आहे. पण आलेला प्रत्येकजण आईंजवळ जाऊन आधी परीक्षा घेतो, “ओळखलं का मला? सांगा बरं मी कोण?” त्या ‘हा’ म्हणतात आणि रडतात. मग पाहुणा माझ्याकडे वळतो, “अशी सून मिळायला नशीब लागतं,” तोवर मी चहाचं आधण ठेवलेलं असतं. निघताना दारात चप्पल घालता घालता, “काही लागलं तर सांग हो.” आता काय सांगणार? मंगळवारी दुपारी दीड तास या, असं तोंडाने म्हणवत नाही. शेजारच्या मावशींनी मात्र कधी विचारलंच नाही. एक दिवस तांदूळ निवडायचं ताट घेऊन आल्या, म्हणाल्या, “मला घरी काय नि इथे काय, निवडायचेच आहेत. तू जाऊन पड.” तेव्हापासून मंगळवार आणि शनिवार त्यांचा. पुतण्यांची फौज असताना माझा आधार या मावशी आहेत, एवढं सांगितलं की पुरे.

आमचे हे लोको पायलट आहेत. आठ तासांची ड्युटी झाली की हेडक्वार्टरला, म्हणजे घरच्या स्टेशनावर, १६ तास रेस्ट, हा रेल्वेचा नियम आहे. आणि तो हवाच. मागे हजारभर माणसं बसलेली असताना ड्रायव्हरचा डोळा लागून चालणार नाही. ते झोपले की आमच्याकडे कुकरसुद्धा लावत नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं, “तुमचा रेस्ट कंट्रोल ऑफिस लावतं. माझा कोण लावतं?” ते हसले. मीही हसले. विषय तिथेच राहिला.

तो पुन्हा निघाला एका कागदामुळे. भाचा नर्सिंगला आहे. त्याने अभ्यासातली एक प्रश्नावली छापून आणली. झॅरिट नावाच्या संशोधकाच्या नावाने ती ओळखतात आणि बऱ्याच देशांत वापरतात. आजारी माणसाचं करणाऱ्यावर किती ताण आहे ते मोजायची. २२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे जास्तीत जास्त ८८. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का? त्यांच्याजवळ असताना राग येतो का? तुमची तब्येत यात बिघडली का? आणि एवढं करूनही आणखी करायला हवं होतं असं वाटतं का? डाळ शिजेपर्यंत ओट्यावरच भरून टाकली. एकेका प्रश्नाला पेन्सिल थांबत होती, रागाच्या प्रश्नाला नाही थांबली. बेरीज करून कागद आईंच्या फाइलीत लावला.

दोन दिवसांनी यांनी डॉक्टरकडे न्यायला फाइल काढली. “हे आईचं कुठलं टेस्ट?”

“आईंचं नाही, माझं आहे.”

एमआरआय, शुगर, लघवीचे रिपोर्ट, एवढ्या जाड फाइलीत माझ्या नावाचा तो एकच कागद. त्यांनी उभ्याउभ्या पूर्ण वाचला. त्या रात्री दोनची कूस त्यांनी बदलली आणि सकाळी पुण्याला भावाला आणि सुरतला बहिणीला फोन लावला.

खरी गंमत पुढे आहे. सुरतच्या नणंदेला, ताईंना, मी म्हटलं, अखाजीला तुम्ही येताच आहात, तर ते चार दिवस आईंचं बघा, मी माहेरी शिंदखेड्याला जाऊन येते. पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, “वहिनी, मग माझी अखाजी कुठे?”

बरोबरच होतं त्यांचं. खानदेशात अखाजी म्हणजे लेकींची. घागर पुजायची, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवायचं, सांजोऱ्या करायच्या, आमरस-पोळी खायची आणि निंबाला बांधलेल्या झोक्यावर लोळायचं. सुरतला ताई दोन खोल्यांत सासरा, दोन पोरं आणि साड्यांना टिकल्या लावायचं काम सांभाळतात. त्याही थकूनच येतात. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदाराचंसुद्धा साल अखाजीला संपतं, हिशेब होतो, नवं साल धरायच्या आधी तो मोकळा असतो. आमच्या दोघींपैकी एकीचंच साल संपणार होतं, आणि दोघींनाही ते हवं होतं. कोणाच्या मनाचा मोठेपणा इथे कामाला आला नसता.

तोड पैशाने निघाली, हे स्पष्ट लिहिते. पुण्याचे भाऊजी रोज व्हिडिओ कॉल करून “आईने आज काय खाल्लं” विचारायचे. ह्यांनी त्यांना सांगितलं, आता खाल्लेलं विचारू नको, चार दिवसांच्या बाईचा खर्च पाठव. त्यांनी लगेच पाठवला. रात्रपाळीला बाई, दिवसा ताई आणि दुपारी मावशी. ताई रात्रभर झोपणार, ही अट मीच घातली.

जायच्या आधी भिंतीवर कागद लावला. भरवताना डोक्याकडची बाजू उंच, भरवल्यावर अर्धा तास तशीच. पाणी नुसतं द्यायचं नाही, डॉक्टरांनी दिलेली पावडर घालून घट्ट करून चमच्याने, नाहीतर श्वासनलिकेत जातं. लघवीची पिशवी कायम पलंगाच्या खाली, कधीही अंगापेक्षा वर उचलायची नाही. कातडी लाल दिसली तर चोळायचं नाही, त्या कुशीवर निजवायचं नाही. खाली पाच प्रकारचे ‘हा’ आणि त्यांचे अर्थ. तो भाग लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

सुरत लाइनच्या गाडीत खिडकीशी बसले. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, फोन एकदाही वाजला नाही. माय स्टेशनवर, “वाळी गई व माय तू.” पहिल्या रात्री दर दोन तासांनी जाग आली, हात शेजारी चाचपडत होता. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या दिवशी जेवून झोपले ती दिवेलागणीलाच उठले. एवढ्यासाठी चार दिवस लागतात. एका दिवसाच्या सुटीत नुसतं कळतं की आपण किती दमलोय.

माझ्यासारख्या कुणी हे वाचत असतील तर एक नंबर लिहून ठेवा: १४४१६, मन थकलं की बोलायला सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा. फुकट आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलता येतं. रात्री दोनच्या कुशीनंतर झोप येत नाही तेव्हा मी एकदा लावला होता. पलीकडच्या मुलीने ‘नशीब’ हा शब्द एकदाही वापरला नाही.

आता श्रावणात कानबाई, आमचा खानदेशातला देवीचा सण. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भाऊबंदकी रोटांच्या प्रसादाला जमेल. भाऊजींनी महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलंय आणि या वेळी सोमवारी परतायचं नाही, आठवडाभर राहायचं ठरलंय. काल त्यांचा फोन आला. मला वाटलं, नेहमीचं जेवणाचं विचारतील.

“वहिनी, पिशवी रिकामी करताना खालचा कॉक आधी उघडायचा की ग्लोव्हज आधी घालायचे?”

“ग्लोव्हज,” मी म्हटलं. “आणि आदल्या दिवशी या. रविवारी शिकवायला मला वेळ नसेल.”