चमचा, काटा आणि बादली

हॉटेल मॅनेजमेंटच्या पहिल्या वर्षाला असताना रोज संध्याकाळी माझा एकच उद्योग चालायचा. डाव्या हातावर थाळी, उजव्या हातात एकाच वेळी चमचा आणि काटा, आणि त्या जोडीने शेंगदाणे उचलून समोरच्या ताटात वाढायचे. चमचा खाली, काटा वर, मध्ये बोट. याला सिल्व्हर सर्व्हिस म्हणतात. आजीने दोन दिवस नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "चिमटा हरवला का रे आपला?"

आमचं गाव निफाड तालुक्यात. हॉटेल मॅनेजमेंटला नाशिकला जायचो एसटीने, इस्त्रीचा पांढरा शर्ट पिशवीत घडी करून. कारण रोज सकाळी ग्रूमिंगची तपासणी. दाढी, नखं, बुटांचं पॉलिश. द्राक्षाच्या बागेतून थेट आलेल्या माणसाची नखं कशी असतात, ते सरांना पहिल्याच दिवशी कळलं.

वर्गात बहुतेकांना शेफ व्हायचं होतं. मलाही. पण किचनमध्ये कांद्याचं ब्रुन्वाज करायला दिलं, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरचे सारखे चौकोनी तुकडे. आमच्याकडे कांदा ट्रॅक्टरने मोजतात. लासलगाव शेजारी असलेल्या माणसाला मिलिमीटर कुठून जमणार? माझे तुकडे चौकोन सोडून बाकी सगळ्या आकारांचे निघाले.

सर्व्हिसला मात्र हात पहिल्यापासून बसला. जेवण पाहुण्याच्या डावीकडून वाढायचं, पाणी-पेय उजवीकडून, रिकामी प्लेट उजवीकडूनच उचलायची. न सांडता, घाई न दिसू देता. हे मला का जमतंय ते कळायला वेळ लागला नाही. हनुमान जयंतीच्या सप्त्यात काल्याच्या पंगतीला मी सहावीपासून आमटीची बादली धरतोय. पत्रावळीवर द्रोण कलंडला तर आमटी भातापर्यंत जायच्या आत कसा सावरायचा, हे कुठल्या पुस्तकात नाही.

गंमत म्हणजे आमचे नाना, माझे मोठे चुलते. "चार वर्षं शिकून शेवटी वाढपीच ना?" असं त्यांनी भर पाहुण्यांत विचारलं होतं. तेच नाना सप्त्यात साठीतही कमरेला पंचा बांधून बुंदीची परात घेऊन रांगेतून पळतात, आणि कुणी मध्ये हात घातला तर चिडतात. तिथे वाढणं म्हणजे मान. पगार आला की तेच काम हलकं कसं होतं, हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही. हिंमत नाही, हे खरं कारण.

ट्रेनिंग नाशिकमधल्याच एका हॉटेलात झालं. नाव नको. बँक्वेटला, म्हणजे लग्नकार्याच्या जेवणावळींना, टाकलं होतं. ड्यूटी नऊ तासांची म्हणायचे, लग्नसराईत चौदा व्हायची, आणि जेवण आपलं सगळ्यांत शेवटी, उभ्यानेच. एका लग्नात ट्रे घेऊन वळलो तर समोर आमच्याच गावचे एक काका. त्यांनी मला ओळखलं, मी त्यांना. दोघांनीही ओळख दाखवली नाही. पाच मिनिटांनी ते माझ्याच ट्रेमधून टिश्यू घेऊन गेले, "थँक्यू" म्हणून. गावात हा शब्द त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

वाइन शिकवली तेव्हा घरी सांगायची पंचाईत. अण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी. पण द्राक्षाचा विषय म्हटल्यावर बसले ऐकत. बाटलीचं लेबल आधी यजमानाला दाखवायचं, घोटभर त्यालाच चाखायला द्यायची, मग बाकीच्यांचे ग्लास, यजमानाचा शेवटी. बाटली 750 मिलीची, 150 मिलीचा एक ग्लास धरला तर पाच ग्लास. आपल्या थॉमसनची, म्हणजे खायच्या द्राक्षांची, वाइन नाही करत, तिची द्राक्षं वेगळी, लहान, जाड सालीची, बियांची. बाटलीला अंदाजे सव्वा किलो लागतात.

"म्हणजे ग्लासाला पाव किलो," अण्णा लगेच म्हणाले. "आणि ग्लास केवढ्याला?"

मी आकडा सांगितला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बागेकडे बघितलं आणि फवारणीचं पाणी भरायला उठून गेले. रात्री जेवताना पुन्हा विचारलं, "त्या घोटभर चाखण्याचे पैसे वेगळे का रे?"

यंदाच्या सप्त्यात पंगत बसली आणि माझ्या हातात आमटीची बादली आली. सवयीने मी रांगेच्या मागून गेलो, पहिल्या म्हाताऱ्या बाबांच्या डाव्या खांद्याजवळ वाकलो आणि ओगराळं पुढे केलं. बाबा दचकले. टोपी सावरत म्हणाले, "अरे चोरासारखा मागून काय येतो? समोरून ये की!"

नाना बुंदीची परात घेऊन पलीकडे उभे होते. इतके हसले की त्यांची बुंदी सांडली.