डबक्यातल्या थेंबाची पाच सृष्टींत वाटणी

डबक्यातलं बाटलीभर पाणी आणि सूक्ष्मदर्शक घेऊन बसलो. जे दिसेल ते पाच सृष्टींत, म्हणजे सजीवांच्या पाच मोठ्या गटांत वाटायचं, एवढंच ठरवलं होतं. मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी ही नावं शाळेपासून तोंडपाठ होती, पण काचपट्टीवर कोणी नावाची चिठ्ठी लावून येत नाही.

सुरुवातीलाच दोन हिरवे धागे दिसले. एकात हरितलवकाची, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या पेशीभागाची सर्पिल पट्टी, म्हणून तो स्पायरोगायरा हे शैवाल. दुसरा बारीक, निळसर हिरवा, आणि अगदी संथपणे सरकणारा, डोलणारा ऑसिलेटोरिया. दोघेही प्रकाशसंश्लेषण करतात, दोघेही धाग्यासारखे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७३५ साली सजीवांच्या वनस्पती आणि प्राणी अशा दोनच सृष्टी मानल्या. त्या हिशेबाने दोघांना एकाच घरात ढकलून मोकळं होता आलं असतं.

पण या पाच सृष्टी मांडणाऱ्या व्हिटाकरच्या १९६९ च्या पद्धतीत पहिला प्रश्न रंगाचा नाही, पेशीच्या रचनेचा आहे. आयोडीनचा थेंब सोडला. स्पायरोगायराच्या पट्टीवर स्टार्चचे ठिपके काळेनिळे झाले आणि पेशीत मधोमध केंद्रक उठून दिसलं. ऑसिलेटोरियात तसं काहीच नाही. पटलाने वेढलेलं केंद्रक नाही, हरितलवकही नाही, हिरवेपणा पेशीभर पसरलेला. झालं, तो आदिकेंद्रकी, म्हणजे खरं केंद्रक नसलेला, मोनेरात गेला. जिवाणूंच्या पंगतीत. केंद्रकाच्या या एका प्रश्नाने जेवढी मोठी फाळणी होते, तेवढी पुढच्या कुठल्याच प्रश्नाने होत नाही.

पुढचे प्रश्न तसे सोपे: पेशी एक की अनेक, आणि पोट कसं भरतं. पॅरामेशियम एकपेशीय, म्हणून प्रोटिस्टा. शिळ्या पावावरची बुरशी अन्न गिळत नाही. विकरं (पाचक रसायनं) बाहेर सोडते, अन्न बाहेरच पचवते आणि मग शोषून घेते. म्हणून ती कवकांत. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिन हे चिवट द्रव्य असतं. कीटकांच्या कवचातही तेच. वंशाच्या दृष्टीनेही कवकं वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जवळची आहेत. भूछत्राला ‘भाजी’ म्हणणाऱ्यांना हे सांगून पाहावं, कोणी ऐकत नाही.

युग्लीनापाशी मात्र बराच वेळ गेला. हरितलवक आहे, लाल नेत्रबिंदू आहे, कशाभिका (चाबकासारखा धागा) हलवत पोहतो, पेशीभित्तिका नाही म्हणून अंग आखडून पसरूनही घेतो. उजेडात स्वतःचं अन्न करतो, अंधारात बाहेरच्या सेंद्रिय द्रव्यांवर निभावतो. वनस्पती की प्राणी, हा वाद अशाच जीवांनी पेटवला आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलने १८६६ मध्ये प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी मांडली. मला ती सृष्टी अजूनही अडगळीची खोलीच वाटते: ज्याची सोय कुठे लागत नाही, ते तिथे. शैवालांचंच बघा. व्हिटाकरने हिरवी शैवालं वनस्पतींत ठेवली, अमेरिकन जीवशास्त्रज्ञ लिन मार्ग्युलिसने ती प्रोटिस्टांच्या गटात हलवली. मी स्पायरोगायरा वनस्पतींत ठेवला, कारण जमिनीवरच्या वनस्पतींचे सगळ्यात जवळचे नातेवाईक त्याच्याच गोतावळ्यातले आहेत.

मोनेराचा कप्पा मात्र सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर पुढे फोडताच येईना. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये रायबोसोममधल्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या कणांमधल्या) आरएनएची तुलना केली, तेव्हा जिवाणूंसारखेच दिसणारे काही जीव मुळातच वेगळे निघाले. तेच आर्किया. १९९० मध्ये सृष्टींच्याही वर तीन अधिक्षेत्रं मांडली गेली: जिवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी, म्हणजे खरं केंद्रक असलेले बाकीचे सगळे. भिंगाखाली जिवाणू आणि आर्किया दोन्ही ठिपकेच. त्यामुळे माझ्या वहीत मोनेरा अखंड राहिला.

विषाणूंनी त्रास दिला नाही. त्यांना पेशीच नाही, म्हणून पाचांपैकी एकही सृष्टी त्यांना घेत नाही, आणि माझ्या भिंगाला ते दिसणारही नव्हते.

शेवटी दगडफुलाचा पातळ काप घेतला. कवकाचे रंगहीन तंतू आणि त्यांत अडकलेल्या शैवालाच्या हिरव्या गोल पेशी. दोन सृष्टी एका देहात. नाव मात्र एकच, आणि नियमाप्रमाणे ते कवकाचं धरतात. वहीतही कवकांखालीच लिहिलं.