अर्जाचं चित्र काढायचं तरी कसं?

इथे अमेरिकेत शाळेच्या मुलांसाठी व्यंगचित्रांची स्पर्धा आहे. यंदाचा विषय: एकत्र जमण्याचा आणि अर्ज करून सरकारपुढे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क. १७९१च्या पहिल्या घटनादुरुस्तीतले हे अगदी शेवटचे दोन. मी शनिवारी मुलांना चित्रकला शिकवते, म्हणून कच्च्या चित्रांचा गठ्ठा माझ्यापुढे येऊन पडला.

जमावाची चित्रं धडाधड आली होती. उंचावलेले हात, मागे पांढरा घुमट आणि फलकच फलक. म्हणायचं ते सगळं फलकावर लिहून टाकलं की मुलं मोकळी! मी म्हटलं, फलक कोरे करा आणि मग बघा, चित्र काही बोलतंय का. दोघं रुसले. एकीने विचारलं, हा हक्क आम्हा विद्यार्थ्यांनाही आहे का? १९६१मध्ये साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनावर मोर्चा नेणारे कृष्णवर्णीय विद्यार्थीच होते. १८७ जणांना अटक झाली, आणि १९६३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा रद्द केली.

अर्जापाशी मात्र सगळ्यांची गाडी अडली. कागद आणि खाली सह्या, यात काढणार काय? मग मी जेकब कॉक्सीची गोष्ट सांगितली. १८९४मध्ये हा गृहस्थ बेकारांना घेऊन ओहायोहून वॉशिंग्टनला पायी निघाला. रस्ते बांधायला घ्या, आम्हाला काम द्या, एवढंच मागणं. संसदेपाशी पोहोचला आणि पकडला गेला. गुन्हा काय, तर हिरवळीवर पाय दिला! (तेव्हा राहून गेलेलं भाषण त्याने तिथल्याच पायऱ्यांवर केलं, पण १९४४मध्ये.) एका मुलाने लगेच गवताच्या पात्याला मलमपट्टी करणारा पोलीस काढला. कल्पना झकास, पण पोलीस अगदी राक्षस. भुवया सरळ कर, त्याला नुसता कंटाळलेला दाखव, म्हटलं. दोन रेघा बदलल्या आणि वर्ग खो खो हसला.

सगळ्यात आवडलं ते सातवीतल्या मुलीचं. १८३६मध्ये प्रतिनिधिगृहाने ठरावच केला होता की गुलामगिरीविरुद्धचे अर्ज चर्चेविना बाजूला ठेवायचे. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स तेव्हा साधे सदस्य होते. वर्षानुवर्षं भांडून त्यांनी १८४४मध्ये तो नियम घालवला. तिच्या चित्रात ना ॲडम्स, ना अर्जदार. टेबलाचा खण पाठीने रेटून बंद करू पाहणारा एक कोटवाला, फटीतून बाहेर आलेली कागदाची टोकं, आणि त्याच्या बुटांखाली गोळा झालेला गालिचा. त्या गालिच्याच्या चुण्यांवरूनच कळतं, किती जोर लावतोय तो!

आता शाई फिरवायची तेवढी बाकी आहे. खाली ओळ हवी की नको यावर आमचं दोघींचं जमत नाहीये. ती म्हणते, परीक्षकांना १८३६ कळणार नाही. मी म्हणते, न कळू दे, खण तर दिसतोय ना.