कागदावर ‘मुका मार’, आत मोडलेलं हाड

सरकारी रुग्णालयातल्या रेकॉर्डच्या खिडकीवर कागद फक्त सकाळी अकरा ते एक घेतात. हे मला तिसऱ्या फेरीला कळलं. पहिल्या दोन फेऱ्यांत ‘आधी पोलिसांची यादी आणा’ (यादी म्हणजे पोलिसांचं पत्र) एवढंच ऐकून परत आले होते. उजव्या हाताला कोपराखालपासून अंगठ्यापर्यंत प्लास्टर, डाव्या हातात फाइल, आणि फाइलमध्ये ज्याच्यासाठी एवढी धावपळ चालली होती तो एक कागद. त्यावर डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: उजवे मनगट, सूज, मुका मार, साधी इजा.

अपघात असा झाला. मी महामार्गावर डाव्या लेनमधून गाडी चालवत होते, धाकटा भाऊ शेजारी बसला होता. मागून आलेला टेम्पो उजवीकडून पुढे निघाला आणि पूर्ण पुढे जायच्या आतच डावीकडे सरकला. माझ्या दोन्ही उजव्या दारांवरून घासत गेला, आरसा तुटला. मी गाडी डावीकडे घेतली तर पुढचं चाक कडेच्या दगडी कठड्यावर आदळलं आणि स्टिअरिंगला असा हिसका बसला की हात मनगटात मागे मुडपला. एअरबॅग उघडल्या नाहीत. बाजूने घासलं की समोरच्या एअरबॅग बहुतेक वेळा उघडतच नाहीत. त्यामुळे बघणाऱ्यांना वाटतं, पत्र्याला ओरखडा आलाय, बाकी काही नाही. आमच्याभोवती जमलेले सगळे हेच म्हणत होते. टेम्पोवाला खिशातून पैसे काढून ‘डेंटिंग-पेंटिंगचे घ्या ताई आणि मिटवून टाका’ म्हणत होता.

भावाने तेव्हा एक काम फार चांगलं केलं. मला सावलीत बसवलं आणि गाड्या हलवायच्या आत फोटो काढले. लांबून दोन्ही गाड्या, मग रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यासकट काचेचे तुकडे, मग जवळून दार. दारावरच्या ओरखड्यात टेम्पोचा पिवळा रंग पापुद्र्यासारखा चिकटलेला त्या फोटोत दिसतो. आरशाचं कवच पुढच्या बाजूला उलटून वायरवर लोंबत होतं. माझ्या वकीलबाईंनी नंतर तो फोटो बराच वेळ पाहिला. आरसा पुढे उलटला म्हणजे त्याला मागून येणाऱ्या आणि जास्त वेगात असलेल्या गाडीचा धक्का लागला. तुकडे पट्ट्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे टक्कर माझ्या लेनमध्ये झाली. टेम्पोवाल्याने नंतर जबाबात ‘मॅडमच माझ्या अंगावर आल्या’ असं सांगितलं, तेव्हा हेच दोन फोटो माझ्या कामी आले. घासाघासीच्या अपघातात कोण कोणाच्या लेनमध्ये शिरलं यावरच सगळा वाद होतो. तुमचीही थोडी चूक ठरली, तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कापली जाते. शेजारी बसलेल्याचं तसं नसतं. त्याची काही चूक नसते, म्हणून तो दोन्हीपैकी कोणत्याही गाडीच्या मालकाकडे आणि विमा कंपनीकडे पूर्ण भरपाई मागू शकतो. भावाची मान दुसऱ्या दिवशी सकाळी आखडली, आठवडाभर वळत नव्हती. बाजूच्या धक्क्यात मान आडवी हिसकली जाते आणि दुखणं रात्र उलटल्यावर वर येतं. त्यालाही मी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवलं आणि कागद करून घेतला.

माझं मनगट पहिल्या दिवशी फक्त सुजलं होतं. सरकारी रुग्णालयात एक्स-रे काढला, त्यात हाड शाबूत दिसलं, क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. पोलिसांनी सुरुवातीला ‘स्टेशन डायरीत नोंद करून ठेवतो’ म्हटलं, पण भाऊ हटला नाही म्हणून फिर्याद घेतली. कलमं लागली भारतीय न्याय संहितेची २८१ आणि १२५ ए, म्हणजे बेदरकार वाहन चालवणं आणि साधी दुखापत. पंचनामा झाला. गाडीच्या दुरुस्तीचं माझ्या स्वतःच्या विम्यातून झालं, त्यात काही अडलं नाही.

अकराव्या दिवशीही कात्री धरता येईना. मी शिवणकामाचे वर्ग घेते, कापड बेतणं हे रोजचं काम. अंगठा ताणला की त्याच्या मुळाशी एक खळगा दिसतो, तिथे बोट टेकवलं की डोळ्यांतून पाणी यायचं. अस्थिरोगतज्ज्ञांनी तेवढं दाबून पाहिलं आणि लगेच एमआरआय करायला सांगितला. मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडलं होतं. हे हाड मोडलं तरी पहिल्या एक्स-रेमध्ये पुष्कळदा दिसत नाही, दहा-पंधरा दिवसांनी दिसू लागतं. त्याला रक्तपुरवठा एका टोकाकडून होतो, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर दुसऱ्या टोकाचा तुकडा जुळत नाही, कधी कधी निर्जीव होतो. अंगठ्याच्या मुळाशी दुखत असेल तर पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून गप्प बसू नका, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

प्लास्टर लागलं आणि मला वाटलं, आता हे कागद पोलिसांना दिले की झालं. हाड मोडणं ही संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे, त्यामुळे १२५ ए चं १२५ बी व्हायला हवं होतं. त्यापेक्षाही मोठी काळजी वेगळी होती. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, ‘पोलिसांच्या कागदात मुका मार आणि तुमच्या एमआरआयमध्ये मोडलेलं हाड, मध्ये अकरा दिवस. विमा कंपनीचे वकील पहिला प्रश्न हाच विचारणार, की या अकरा दिवसांत तुम्ही घरात पडला नाहीत कशावरून?’

पोलीस ठाण्यात तपासी हवालदारांनी फाइल उघडून दाखवली. ‘मॅडम, जखमेचं प्रमाणपत्र आलंय. साधी इजा आहे. रुग्णालयाने दुसरं दिलं तर लावू. खासगी दवाखान्याचा कागद आम्हाला चालत नाही.’ मी रुग्णालयात दोनदा गेले. खिडकीवरचे क्लार्क दोन्ही वेळा म्हणाले, ‘पोलिसांची यादी असल्याशिवाय आम्ही अभिप्राय देत नाही.’ यादी म्हणजे जखमीला तपासून अभिप्राय द्या, असं पोलिसांनी रुग्णालयाला लिहिलेलं पत्र. परत ठाण्यात. हवालदार बंदोबस्तावर. दोन दिवसांनी भेटले, म्हणाले, ‘यादी एकदा दिलीय, दुसरी कशी देणार? रुग्णालयाला विचारा.’ परत रुग्णालयात. या वेळी एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खिडकी बंद. तेव्हा ते अकरा ते एकचं कळलं. खिडकीच्या काचेवर आतून जुनी कॅलेंडरं चिकटवलेली होती, वेळेची पाटी त्यांच्यामागे होती.

चौथ्या फेरीला वेळेत पोचले, तर एमएलसी नंबर हवा होता. म्हणजे अपघाताच्या दिवशी रजिस्टरमध्ये माझी नोंद झाली त्याचा क्रमांक. माझ्या केसपेपरवर तो रबरी शिक्क्याच्या आत पेनाने लिहिलेला होता आणि शाई पसरल्यामुळे शेवटचे दोन आकडे वाचता येत नव्हते. रजिस्टर बघून सांगा म्हटलं तर ‘ते कॅज्युअल्टीत असतं’. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरबाईंनी मात्र माझा हात बघून खुर्ची दिली आणि पाच मिनिटांत नंबर काढून दिला. त्यांचं मन मोठं. तो नंबर घेऊन मी खिडकीवर आले, तर ज्या डॉक्टरांनी मला तपासलं त्यांची ड्यूटी दुसरीकडे लागली होती आणि ‘दुसरे डॉक्टर त्यांच्या कागदावर सही कशी करतील?’ असा नवा प्रश्न उभा राहिला. मला संताप आवरत नव्हता. कोणीही माझ्याशी वाईट बोललं नाही, आवाज चढवला नाही. पण एका माणसानेही तो कागद हातात घेऊन ‘हे माझं काम आहे’ असं म्हटलं नाही, आणि माझ्या हातात हाड मोडलेलं असताना सरकारदरबारी ते शाबूत राहिलं.

मार्ग निघाला तो वकीलबाईंच्या एका सूचनेने. त्या म्हणाल्या, ‘तोंडी विचारणं आजपासून बंद करा.’ त्यांनी वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे दीड पानी अर्ज लिहून दिला, प्रत रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांना. त्यात फिर्यादीचा क्रमांक, एमएलसी नंबर, एमआरआयची तारीख, आणि मागणी एका वाक्यात: पूरक वैद्यकीय अभिप्रायासाठी नवी यादी द्यावी. सोबत अस्थिरोगतज्ज्ञांचं पत्र जोडलं. त्या पत्रावर मी अडून बसले होते, कारण नुसता ‘स्कॅफॉइड फ्रॅक्चर’ एवढा शेरा पुरला नसता. अपघाताची तारीख, हात कसा मुडपला, आणि हा अस्थिभंग पहिल्या एक्स-रेमध्ये न दिसणं वैद्यकीयदृष्ट्या नेहमीचं आहे, या तीनही गोष्टी त्यांनी सहीशिक्क्याने लिहून दिल्या. अर्ज दोन्हीकडे आवक विभागात दिला आणि माझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख टाकून पोच घेतली. ठाण्यातल्या अंमलदारांनी ‘ठेवून जा, साहेब बघतील’ म्हटलं, तेव्हा मी म्हटलं, ‘पोच मिळेपर्यंत इथेच बसते.’ वीस मिनिटं बसले. शिक्का मारला.

आठव्या दिवशी यादी निघाली. रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागाच्या डॉक्टरांनी फिल्म प्रकाशासमोर धरली, नवा एक्स-रे काढून घेतला आणि लिहिलं: उजव्या मनगटातील स्कॅफॉइडचा अस्थिभंग, गंभीर इजा, कथन केलेल्या अपघाताशी सुसंगत. त्या शेवटच्या चार शब्दांसाठी मी सात फेऱ्या मारल्या होत्या. बाहेर येऊन भावाला फोन केला आणि मला बोलताच येईना. अपघातापासून तो एकोणसाठावा दिवस होता. पुढे कलम वाढलं.

हे करताना मुदतीचं भान सुटू देऊ नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १६६ खाली भरपाईचा दावा लावायला अपघातापासून सहा महिने आहेत. ही मुदत २०१९ च्या दुरुस्तीने परत आली आणि १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. दावा अपघात झाला त्याच ठिकाणी लावावा लागतो असंही नाही, आपण राहतो तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. दुसरा रस्ता कलम १६४ चा. त्यात कोणाची चूक हे सिद्ध करावं लागत नाही, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख ही रक्कम ठरलेली आहे. पण विमा कंपनीशी तडजोड करून १६४ ची रक्कम स्वीकारली की १६६ चा दावा संपतो. मला १६६ लावायचा होता, कारण माझं नुकसान हाताच्या कामात आहे. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजय कुमार या प्रकरणात २०१० साली सांगितलं आहे की शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि त्यामुळे कमाई किती टक्के घटली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. मनगट थोडं कमी वाकलं तर दुसऱ्या एखाद्याच्या कामात फरक पडणार नाही, बेतणाऱ्या-शिवणाऱ्या बाईच्या पडतो. म्हणून कमाईचे कागद ठेवा. माझ्याकडे वर्गाच्या फीचं पावतीपुस्तक आणि बँकेतल्या नोंदी होत्या.

टेम्पो पळून गेला असता आणि सापडला नसता, तर दावा ज्याच्यावर लावायचा तोच नसता. तेव्हा ‘हिट अँड रन’ योजनेतून गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात. म्हणून नंबर प्लेटचा फोटो सगळ्यात आधी. नंबरावरून त्याचा विमा चालू आहे का, हे परिवहन खात्याच्या ॲपवर दिसतं. त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढा, कारण पॉलिसीचं नूतनीकरण झालं की अपघाताच्या दिवशीची स्थिती दिसत नाही. डॅशकॅम (गाडीत बसवलेला, रस्ता टिपणारा कॅमेरा) असेल तर मूळ कार्ड बाजूला काढून ठेवा. न्यायालयात ते चित्रण द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

हेही मला फार उशिरा कळलं: २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल द्यायचा असतो, दहा दिवसांत जखमीला त्याचे हक्क सांगणारा नमुना दोन द्यायचा असतो आणि सविस्तर अहवालाला ९० दिवस असतात. मला नमुना दोन कोणी दिला नव्हता. तो मागितला असता तर निम्म्या फेऱ्या वाचल्या असत्या. आणि वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माझ्या वकीलबाई तिथूनच मिळाल्या.

दावा पाचव्या महिन्यात दाखल झाला. विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात अकरा दिवसांचा मुद्दा आलाच, अगदी वकीलबाई म्हणाल्या होत्या त्याच शब्दांत. पुढच्या तारखेला अस्थिरोगतज्ज्ञांची साक्ष आहे. मी आता सुती कापडाचे दोन थर एका वेळी कापू शकते, पूर्वी चार कापायचे. कोणत्या दिवशी काय जमलं आणि काय जमलं नाही हे वहीत लिहून ठेवते आहे. एमआरआयची फिल्म कपाटात पुठ्ठ्याला लावून उभी ठेवली आहे, दुमडू नये म्हणून.