पोर्टेबल की घरात कायम ठेवायचा स्पीकर, आमचं कसं ठरलं

अण्णांचा जुना रेडिओ मार्चमध्ये कायमचा बंद पडला आणि घरात स्पीकरचा विषय निघाला. अण्णा ७६ वर्षांचे, सकाळी साडेपाचला अभंग लागल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, त्यामुळं लवकर ठरवणं भाग होतं.

माझं मत पहिल्यापासून पोर्टेबलकडं. आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, रात्री अर्धं घर गच्चीवर, त्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, मग बॅटरीवालाच बरा की. बायको म्हणाली, अहो आधी कुणाचा तरी आणून वापरून तर बघा. मित्राचा आठ दिवस आणला, आणि खरं सांगतो, त्या आठ दिवसांनीच सगळं ठरवलं.

पहिले दोन दिवस तो गच्चीवर गेला. तिसऱ्या दिवसापासून स्वयंपाकघरात ओट्यावर, चार्जर लावून, तिथंच. कारण डब्यावर लिहिलेले १२ तास मध्यम आवाजाचे असतात, अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून आवाज जवळपास पूर्ण ठेवावा लागतो, मग चार-पाच तासांत बॅटरी खलास. एका रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं आणि सकाळी अण्णा काही न बोलता नुसते बसून राहिले, ते बघून मला फार वाईट वाटलं. दुसरं म्हणजे ब्लूटूथ माझ्या फोनवरनं, मी फिरायला बाहेर पडलो की गाणं बंद, कुणाचा फोन आला की अभंग मधेच तुटणार. आणि लिथियम बॅटरीला उष्णता आणि कायम फुल चार्ज दोन्ही सोसत नाही, आमच्या ओट्यावर तर दोन्ही होतं! एका जागीच राहणार असेल तर बॅटरीचे पैसे कशाला द्यायचे?

मग नवी पेठेत गेलो. दुकानदार वॅट सांगत होता, मी विचारलं आरएमएस किती, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती खरी ताकद, कारण पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे मोठे आकडे बघून काहीच कळत नाही. अण्णांचा नेहमीचा अभंग लावायला सांगितला, तो पण घरात लावतो तेवढ्याच आवाजात. दुकानात मोठ्यानं सगळेच स्पीकर चांगले वाटतात हो. त्यानं एक लहान आणि एक मोठा असे दोन लावून दाखवले, त्यात लहान स्पीकरवर पखवाजाच्या डाव्या हाताची धूम नुसती ठोक्यासारखी येत होती, एवढ्याशा डब्यात हवा हलवायला जागाच कमी. मोठ्यावर कमी आवाजात पण शब्द न् शब्द कळत होता. तोच घेतला, वायफायवाला, बॅटरी नसलेला, प्लगला लावून हॉलमध्ये ठेवायचा. तो गाणं थेट इंटरनेटवरनं घेतो, फोन फक्त सांगायला लागतो.

पण लाईट गेली तर? हे आधी बघा. आमच्या हॉलमधला एक प्लग इन्व्हर्टरवर होता पण राउटर दुसऱ्या प्लगवर, म्हणजे लाईट गेल्यावर स्पीकर चालू आणि वायफाय बंद, उपयोग काय? वायरमनला बोलवून दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले. स्पीकर वायफायला जोडताना तासभर गेला, राउटरच्या दोन वायफायपैकी फोन ५ गिगाहर्ट्झवाल्यावर आणि हा स्पीकर फक्त २.४ वालाच घेतो, फोन त्यावर आणला तेव्हा लगेच जोडला गेला. सुरुवातीला टीव्हीमागं कोपऱ्यात ठेवला होता, तिथं आवाज घुमायचा. आता भिंतीपासून दीड फूट पुढं, अण्णा खुर्चीत बसले की त्यांच्या कानाच्या उंचीला.

गच्चीवर यंदा गाणी नव्हती, ते खटकलं, पुढं-मागं एखादा लहान घेऊ.

साडेपाचचा अलार्म लावलाय, अभंग आपोआप सुरू होतो. पहिल्याच सकाळी अण्णा मला हाक मारून म्हणाले, "अरे, पखवाजाचा डावा हात ऐकू येतोय की!"