शेवटच्या रात्रीचा संवाद

"ओ सर, येरवड्यात शेवटच्या रात्री चौघं काय बोलले, हे तुम्हाला कुठून कळलं?"

हा प्रश्न मला सोलापुरात कुठेही गाठतो. पार्क चौकात, नवी पेठेत कापड घेताना, लग्नाच्या पंगतीत. मी टीव्हीसाठी पटकथा लिहितो आणि आमच्या चार हुतात्म्यांवर दोनदा लिहिलं आहे, म्हणून लोक विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो. मला ते कुठूनच कळलेलं नाही. पहिल्या वेळी मी ते रचलं होतं.

गावाबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव रस्त्यावर आलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या देवळाकडे लोक दारूच्या विरोधात शिंदीची झाडं तोडायला गेले, धरपकड झाली, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण गोळी लागून गेला. चिडलेल्या जमावाने मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली, तिथले पोलीस मारले गेले. न्यायालयालाही आग लागली. १२ मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लागला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होत होती. चौकीतल्या खुनांचा खटला मल्लप्पा धनशेट्टी, 'गझनफर' हे पत्र चालवणारे कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांच्यावर चालला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. त्यांना नाहक अडकवलं, असं गाव आजही म्हणतं, आणि मीही ते ऐकतच वाढलो.

पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी तिशीत होतो. एका मालिकेतला एक भाग होता. निर्माता म्हणाला, फाशीच्या आदल्या रात्रीशिवाय भाग उभा राहणार नाही. मी एका बैठकीत तीन पानं लिहून काढली. आई आठवते, सिद्धेश्वराचं तळं आठवतं, मग एकजण असं काही बोलतो की बाकीचे तिघे ताठ उभे राहतात. चित्रीकरणाच्या वेळी दिवे धरणारी मुलंसुद्धा रडली. मला फार बरं वाटलं होतं.

पुढे काही वर्षांनी पंधरा ऑगस्टला एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो. सातवीतला एक मुलगा कुर्बान हुसेन झाला होता. तो पुढे आला, मूठ आवळली आणि माझं वाक्य बोलला. अक्षरन् अक्षर. शिक्षकांनी माईकवर सांगितलं, "हे हुतात्म्यांचे अखेरचे शब्द." समोर चारशे मुलं बसलेली. मी टाळ्या वाजवल्या. ते माझं आहे, हे सांगण्याचं धैर्य मला त्या व्यासपीठावर झालं नाही. ते वाक्य इथे लिहीत नाही. ते आधीच फार फिरलंय.

मालिकेच्या सुरुवातीला पाटी होती, 'काही प्रसंग नाट्यासाठी रचले आहेत.' चार सेकंद. एवढ्यात कोण वाचतो? आणि वाचली तरी कोणते प्रसंग, हे ती सांगत नाही. ज्याला फाशी दिली त्याच्या तोंडी मी शब्द घातला, तर तो 'असं बोललो नाही' म्हणायला परत येत नाही.

दुसऱ्यांदा काम आलं तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. आता भांडण वेगळंच निघालं. जानेवारी १९३१ मध्ये गांधीजी येरवड्यातच कैदेत होते, २६ जानेवारीला सुटले. दिग्दर्शकाला हे कळलं आणि त्याने टेबलावर हात आपटला. "एकाच तुरुंगात! भेट घाल." त्याचा मोह मला कळतो. पण अशी भेट झाल्याची एक ओळ माझ्यासमोर नव्हती. दोन दिवस वाद चालला. शेवटी मी म्हणालो, एकाच भिंतीच्या आत असणं दाखवू, भेट दाखवणार नाही. हवं तर माझं नाव काढा. भेट गेली, नाव राहिलं.

तर्क मुळीच करायचा नाही, असं माझं म्हणणं नाही. फाशी झाली तेव्हा संक्रांत दोन दिवसांवर होती. म्हणजे सोलापुरात गड्ड्याची, सिद्धेश्वराच्या यात्रेची गडबड, मिरवणुकीत निघणाऱ्या उंच नंदीध्वजांची तयारी. १९३१ च्या त्या सकाळी नेमकं काय चाललं होतं, हे मी पाहिलेलं नाही, पण गाव या दिवसांत कसं असतं ते दर वर्षी पाहतो. म्हणून ते लिहिलं. आजीकडून ऐकलेलंही घेतलं. मार्शल लॉ लागला तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिच्या वडिलांची टोपी तिच्या आईने ज्वारीच्या कणगीत, अगदी तळाशी दाबली होती. घरात मोठ्याने कुणी बोलत नव्हतं, एवढं ती सांगायची. गाणी नाहीत, घोषणा नाहीत. माझ्या पहिल्या पटकथेत मात्र सगळे सतत बोलत होते.

चौकीतल्या पोलिसांनाही मी दाखवलं. त्यांच्यातल्या एकाला आतून कडी लावताना. यावरून काहीजण माझ्यावर रागावले, अजून आहेत. पण ते पोलीसही कुणाच्या तरी घरून भाकरी बांधून आले असतील. त्यांचं मरण गाळलं तर खटला कशावरून उभा राहिला, हेच पोरांना कळणार नाही. चौघांना अडकवलं म्हणायचं, तर कशात अडकवलं ते दाखवावंच लागतं.

राहिली शेवटची रात्र. मी पानावर एवढंच लिहिलं: चौघे. संवाद नाही. मल्लप्पांचं काम करणारा नट अक्कलकोटकडचा होता. तो वैतागून माझ्याकडे आला. "मग मी करू काय ओ?" मी म्हटलं, "जवळजवळ बसा. तिघांकडे बघा." ते बसले. थोड्या वेळाने कुणी न सांगता त्याने शेजारच्याची घोंगडी नीट केली. दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला, ते चाळीस सेकंद झालं. वाहिनीने त्यातले वीस ठेवले.