साखळी चार हजारांवर अडली तेव्हा

प्रॉपिलिन ऑक्साइडचे सुटे रेणू (मोनोमर) जोडून मी पॉलिप्रॉपिलिन ऑक्साइड हा पॉलिमर बनवत होते. त्याच्या साखळीचा रेणूभार चार हजारांच्या पुढे सरकेना, आणि त्यात माझे सात महिने गेले. अजून आठवलं की चिडचिड होते, कारण उत्तर पहिल्याच आठवड्यात माझ्या फाइलमध्ये पडून होतं.

साखळी सुरू करणारं (इनिशिएटर) पोटॅशियम अल्कॉक्साइड बनवणं, 80 अंशांवर बंद भांड्यात अभिक्रिया, सगळं सुरळीत. हिशेबाने रेणूभार 10,000 यायला हवा, साखळ्यांचा रेणूभार मोजणारी जीपीसी दाखवी 3,800. सर म्हणाले, "पाणी शिरतंय कुठूनतरी." पटलं. 50 ग्रॅम मोनोमरला 5 मिलिमोल साखळ्या. त्यात 90 मिलिग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम दोन थेंब, शिरलं की तेवढ्याच नव्या साखळ्या सुरू होतात आणि रेणूभार निम्मा. मग मी वाळवतच सुटले. काच रात्रभर ओव्हनमध्ये, मोनोमर कॅल्शियम हायड्राइडवर एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी जीपीसीच्या रांगेत दहा दिवस, आणि आकडा तोच! वैतागून मोनोमर दुप्पट घातला. पाणी काचेतलं असतं तर रेणूभारही दुप्पट झाला असता. झाला 4,600.

शेवटी रेणूची रचना दाखवणारा जुना एनएमआर आलेख पुन्हा उघडला. 5.2 आणि 5.9 पीपीएमच्या आसपास दोन बुटकी टेकाडं. कचरा समजून मी तो भाग कापून प्रिंट काढली होती! ती अलाइल टोकं होती, म्हणजे दुहेरी बंध असलेली साखळीची टोकं. साखळीचं अल्कॉक्साइड टोक मोनोमरचं वलय उघडून त्याला जोडून घ्यायचं सोडून कधीकधी त्याच्या मिथाइलवरचा (CH₃ गटावरचा) प्रोटॉनच ओढतं. ती साखळी तिथे थांबते, आणि मोनोमरचं झालेलं अलाइल अल्कॉक्साइड नवी सुरू करतं. पाण्यामुळे दुहेरी बंध कधीच येत नाही, तेव्हा आधी एनएमआर बघा, मग वाळवा. इथिलिन ऑक्साइडला मिथाइलच नाही. म्हणून शेजारच्या टेबलावरची मैत्रीण लांबलचक साखळ्या काढत मला वाळवण्याचे सल्ले देत होती.

तापमान उतरवलं, पोटॅशियमऐवजी सीझियम घेतलं. टेकाडं बसली, पण अभिक्रिया रेंगाळली. मार्ग निघाला तो ट्रायआयसोब्युटिल ॲल्युमिनियम आणि टेट्राऑक्टिल अमोनियम ब्रोमाइडने (इथे हाच इनिशिएटर), टोल्युइनमध्ये 0 अंशांवर. ॲल्युमिनियम मोनोमरला चेतवतं आणि टोकाचा आम्लारीपणा उतरवतं. ते इनिशिएटरपेक्षा जास्तच हवं, हे मला दोन कोऱ्या प्रयोगांनंतर कळलं. आणि हो, हवेत ते पेटतं. सिरिंज बाहेर काढण्याआधी नायट्रोजन सुरू आहे ना, बघा.

पुढच्या रांगेत दहा दिवस थांबले. आकडा आला 24,000. सर म्हणाले, "बघ, नीट वाळवलंस की नाही!"